पुन्हा वापरायचे खरे, पण वाळवायचे कुठे?

काशीमीऱ्याच्या नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला घोडबंदरचा रस्ता येऊन मिळतो. नाक्यावरून आत, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराच्या बाजूला वळले की थोड्याच वेळात चाळी आणि झोपडवस्ती लागते. काही गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना बोटे लागावीत. अशा गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात बिस्किटांच्या पुड्यांशेजारी डायपरच्या माळा टांगलेल्या असतात. गिऱ्हाइकाला त्यातला एकेक तोडून दिला जातो. महिन्याचे मोठे पुडके एकदम घ्यायला ज्या आईजवळ पैसे नसतात ती असा एकेक घेते, आणि म्हणून नगामागे तिलाच सर्वांत जास्त दाम पडतो. डोक्यावर गल्लीभर दोऱ्या बांधलेल्या असतात. त्यावर साड्या, शाळेचे गणवेश, चादरी, तान्ह्या मुलांचे लंगोट असे सगळे वाळत असते. पाळीचे कापड मात्र कुठेही दिसत नाही. प्रत्येक घरात पाळी येणारी एखादी तरी स्त्री असणार, आणि त्यांपैकी पुष्कळजणी कापड वापरतात हेही आपल्याला ठाऊक आहे. मग ते वाळते कुठे?

हा प्रश्न विचारण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत गरीब वस्त्यांतून आणि शाळांतून धुऊन पुन्हा वापरण्याच्या पॅडचे आणि डायपरचे संच वाटण्याची चांगली पद्धत पडली आहे. संचासोबत एक घडीपत्रक असते. आम्ही पाहिलेल्या अशा पत्रकांत तीन विधाने हमखास सापडली : ही वस्तू स्वस्त आहे, ती पर्यावरणाला हितकर आहे, आणि ती आरोग्याला सुरक्षित आहे. तिन्ही विधाने खरी ठरू शकतात. पण कोणत्या अटींवर, ते पत्रक सांगत नाही. आमची टीका आहे ती या न सांगितलेल्या अटींबद्दल. वस्तूंना आमचा विरोध नाही. उलट त्या टिकाव्यात असे वाटते म्हणूनच हे लिहीत आहोत.

प्रथम, यात नवीन काय आणि जुने काय ते पाहू. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा फाडून त्याची घडी घेणे, आणि धोतराच्या किंवा लुगड्याच्याच कापडाचे बाळोते नि त्रिकोणी लंगोट करणे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यासाठी कापड जुनेच का लागे? काटकसर हे कारण होतेच, पण त्यात विज्ञानही होते. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा एक पातळ थर असतो आणि मागावर चढताना सुताला खळ दिलेली असते. त्यामुळे कोरे मांजरपाट पाण्यात टाकले तर काही वेळ तरंगते, पाणी पीत नाही. वारंवार धुण्याने मेण आणि खळ निघून जाते, तंतू मोकळे होतात, आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पाणी भराभर आत ओढले जाते. शाळेत हा प्रयोग पाच मिनिटांत होतो. कोऱ्या आणि जुन्या कापडाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या रंगीत पाण्यात टोकाने बुडवून टांगा आणि पाणी किती वर चढते ते मोजपट्टीने मोजा. नवा शिवलेला पॅड आणल्याबरोबर वापरला तर बाजूने गळतो आणि ‘यापेक्षा विकतचे बरे’ असे म्हणून मुलगी तो टाकून देते, त्याचेही कारण हेच. वापरण्याआधी तो तीनचार वेळा धुऊन वाळवायला हवा. आम्ही चाळलेल्या पत्रकांपैकी एकाच पत्रकात ही सूचना होती, आणि तीही शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात.

वापरून टाकून देण्याच्या वस्तूंचा इतिहास त्यामानाने अगदी अलीकडचा आहे. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून एक शोषक कापसासारखा पदार्थ तयार झाला. परिचारिका तो पाळीसाठी वापरू लागल्या, आणि युद्ध संपल्यावर 1920च्या सुमारास अमेरिकेत ‘कोटेक्स’ बाजारात आले. ‘पॅम्पर्स’ 1961 सालचे. पण आजच्या डायपरला खरा चमत्कार वाटावा असे रूप दिले ते 1980च्या दशकात त्यात आलेल्या सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट या बहुवारिकाने. एखादा कोरा डायपर फाडून कागदावर झटकला तर साखरेसारखे बारीक पांढरे कण पडतात. अर्धा चमचा कण पेल्यात घेऊन त्यावर अर्धा पेला पाणी ओता. बघता बघता पाणी नाहीसे होऊन लिबलिबीत गोळा उरतो आणि पेला उलटा केला तरी पडत नाही. मुले टाळ्या वाजवतात. त्यांना थांबवून त्या गोळ्यावर चमचाभर मीठ टाका. गोळा वितळू लागतो आणि पाणी पुन्हा वाहू लागते. या बहुवारिकाच्या लांब साखळीवर ऋणभार असतो आणि तिच्याजवळ सोडियमचे धनभारित आयन असतात. पाणी मिळाले की ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात, साखळी उलगडते आणि परासरणाने पाणी आत शिरते. बाहेरच्या पाण्यातच क्षार असले तर आतबाहेरचा फरक कमी होतो आणि ओढ मंदावते. साध्या पाण्यात हे कण स्वतःच्या वजनाच्या दोनतीनशे पट पाणी धरतील; लघवीत क्षार असल्यामुळे तिथे हा आकडा कित्येक पटींनी खाली येतो. जाहिरातीतली बाई डायपरवर निळे पाणी ओतते, लघवी ओतत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. (कण नाकातोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि उरलेला गोळा मोरीत टाकू नये; नळी तुंबते.)

आता पाळीच्या पॅडकडे वळू. भारतीय मानक आयएस 5405ची 1980 सालची आवृत्ती पाहा. त्यातली शोषणाची कसोटी शाळेतही करून पाहण्याजोगी सोपी होती : पॅडच्या मध्यावर मिनिटाला 15 मिलिलिटर या गतीने 30 मिलिलिटर द्रव सोडायचा, वर एक किलोचे वजन मिनिटभर ठेवायचे, आणि खालून किंवा कडेने ओल दिसता कामा नये. हा 30चा आकडा मनात ठेवून पुढची माहिती वाचावी. एका पाळीत स्त्रीचे सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते. 80च्या वर गेले तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. रक्ताबरोबर इतर स्राव असतोच. तो धरला तरी चारपाच दिवसांत मिळून जे जाते ते मुलींना वाटते त्यापेक्षा पुष्कळच कमी असते. म्हणजे शोषून घेण्याची ताकद ही काही फार अवघड अट नव्हे. जुन्या सुती कापडाची चार पदरी घडी, वेळेवर बदलली तर, ती सहज पुरी करते. अवघड गोष्ट पुढे आहे.

कापडावर मग आक्षेप कोणता? तो आहे जंतुसंसर्गाचा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांना पाळीत काय वापरता असे विचारतात. 2019 ते 2021 या काळातल्या पाचव्या फेरीत सुमारे 64 टक्के जणींनी विकतचे पॅड, 50 टक्के जणींनी कापड, आणि 15 टक्के जणींनी स्थानिक तयार केलेले पॅड असे सांगितले. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण पुष्कळजणी दोन्ही वापरतात. घराबाहेर पॅड आणि घरात कापड. पुढे अहवाल ‘आरोग्यदायी साधने’ म्हणून एक गट करतो. त्यात विकतचे पॅड येते, स्थानिक पॅड येते, टॅम्पॉन आणि कप येतात. कापड येत नाही. ते धुतले कसे, वाळवले कुठे, किती वेळाने बदलले हे काहीही न विचारता कापडाला नापास केलेले आहे. उलट सकाळी घेतलेले विकतचे पॅड एखादी मुलगी शाळेत बदलायला जागा नाही म्हणून संध्याकाळपर्यंत तसेच ठेवते, तिची गणना आरोग्यदायी गटात होते. अशी विभागणी परीक्षेच्या पेपरात आली असती तर आपण शिक्षकांनी ती खोडली असती. वस्तूचे नाव म्हणजे वस्तूचा वापर नव्हे.

याचा अर्थ कापड निर्दोष आहे असा मात्र नाही. ओडिशात केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 486 स्त्रियांची तुलना केली होती. पुन्हा वापरण्याचे कापड घेणाऱ्यांत जननमार्गाच्या आणि मूत्रमार्गाच्या तक्रारी अधिक आढळल्या. कापडविरोधी मंडळी हा अभ्यास वारंवार पुढे करतात. पण त्याच संशोधकगटाचे 2018 सालचे काम फारसे कोणी सांगत नाही. त्यात कापड वापरणाऱ्यांमध्येच आपसात तुलना केली होती. ज्या स्त्रिया धुतलेले कापड घरात आडोशाला वाळवत त्यांच्यात कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग उघड्यावर वाळवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट दिसला. कापड संडासात लपवून ठेवणाऱ्यांतही तसेच. बुरशीला हवी असते ओल, अंधार आणि ऊब. ते तिला मिळते कशामुळे? कापडामुळे नव्हे, कापड लपवावे लागते म्हणून. असे अभ्यास कारण आणि परिणाम पक्के सिद्ध करत नाहीत, हेही लगेच सांगितले पाहिजे. घरात वाळवणाऱ्या स्त्रिया अधिक गरीब असतील, त्यांच्याकडे पाणी कमी असेल, अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात. पण बोट कुठल्या दिशेला आहे ते स्पष्ट आहे.

या ठिकाणी गडचिरोलीची आठवण होते. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. हा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर गाजला. त्यातून आम्ही एवढेच घेतो, की दुखणे असते आणि ते बोलले जात नाही. पॅड वाटून न बोलणे अधिकच सोपे होणार असेल तर ते वाटप अपुरे आहे.

आता वाळवण्याचे भौतिकशास्त्र पाहू. ओले कापड किती वेळात वाळेल हे हवेची आर्द्रता, वारा, तापमान, उघडे क्षेत्रफळ आणि कापडाची जाडी यांवर ठरते. जुनी घडी धुतली की उलगडते आणि एका पदराचे पातळ कापड होते. दोन्ही बाजूंनी हवा लागते, आणि उन्हाळ्यात ते तासाभरातच कोरडे होते. शिवलेला पॅड उलगडत नाही. त्यात फ्लॅनेलचे पाचसहा थर एकत्र टाचलेले असतात आणि खालून पाणी न झिरपणारे, पॉलियुरेथेनचा थर दिलेले कापड असते. एका बाजूने वाट बंद, आणि आतल्या थरातले पाणी बाहेर यायला लांबचा रस्ता. वरून हात लावला तर कोरडा, आत दमट. डायपरचेही तेच. खिशासारख्या शिवलेल्या आणि आत जाड पट्टी घालायच्या आधुनिक कापडी डायपरची पट्टी पावसाळ्यात दिवसभर टांगली तरी वाळत नाही. आमच्या आज्यांचा त्रिकोणी लंगोट पुन्हा चौकोनी फडके होऊन दोरीवर जात असे. या वस्तू नव्याने आखणाऱ्यांनी गळू नये याकडे जेवढे लक्ष दिले तेवढे वाळावे याकडे दिलेले नाही, असे आमचे मत आहे. उलगडणारी घडी आणि ती धरून ठेवणारा पातळ पट्टा अशी रचना असलेले पॅडही मिळतात. दिसायला ते साधे, म्हणून भेटीच्या संचात कमी दिसतात. त्यांचा आणखी एक फायदा आहे. उलगडलेली घडी दोरीवर रुमालासारखी दिसते. फुलाफुलांचा, पंख असलेला पॅड दोरीवर टांगला तर अख्ख्या चाळीला कळते.

पत्रक म्हणते, ‘कडक उन्हात वाळवा.’ काशीमीऱ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिच्या एकुलत्या खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत आहे तिथे, कडक ऊन आणायचे कुठून? आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे काय? सूचना पाळता येण्याजोगी नसली की माणूस ती अर्धवट पाळत नाही, पूर्ण सोडून देतो. उन्हातले अतिनील किरण जंतू मारतात हे खरे, पण ते कापडात खोलवर जात नाहीत. उन्हाचे मुख्य काम ओल काढण्याचे. ते काम वारा करतो, पंखा करतो. इस्त्री तर फारच चांगले करते. तेव्हा ‘कडक उन्हात’ याऐवजी ‘पूर्ण कोरडे होईपर्यंत, हवा लागेल अशा जागी’ असे लिहिले असते तर ते अधिक शास्त्रीय झाले असते आणि अधिक माणुसकीचेही. वर पातळ ओढणी टाकून वाळवले तरी चालते. फक्त जाड टॉवेलखाली दडपू नये. कोकणात पावसाळ्यात बाळंतिणीच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरत. आज गॅसजवळ तसे कोणी करू नये, पण युक्ती वाळवण्याचीच होती हे लक्षात घ्यावे.

आणखी एक विधान पत्रकांत आढळते : बांबूचे कापड, ‘नैसर्गिक जंतुनाशक’. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात. तो होतो व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन. मूळ बांबूतले काही गुण असलेच तरी ते या प्रक्रियेत शिल्लक राहत नाहीत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2009 साली अशा दाव्यांबद्दल काही कंपन्यांवर कारवाई केली होती. व्हिस्कोस चांगले शोषते, मऊ असते. तेवढेच म्हणावे.

आता स्वस्तपणाचा हिशेब. दिवसाला चार पॅड आणि पाच दिवस धरले तर महिन्याला 20, वर्षाला 240. बाजारातले साधे पॅड सहा रुपयांचे धरले तर वर्षाला 1440 रुपये. पुन्हा वापरण्याचे सहा पॅड दीडशे रुपयांप्रमाणे 900 रुपयांना आले आणि तीन वर्षे टिकले तर वर्षाला 300. पत्रक इथे थांबते आणि टाळी घेते. पण जनऔषधी केंद्रातले ‘सुविधा’ पॅड 2018 साली अडीच रुपयांना निघाले आणि ऑगस्ट 2019पासून एक रुपयाला मिळू लागले. त्या भावाने वर्षाचे होतात 240 रुपये. म्हणजे कापडी संच तितका स्वस्त नाहीच. शिवाय 900 रुपये एकदम द्यायचे असतात, आणि ज्या घरात डायपर एकेक विकत घेतला जातो तिथे ‘एकदम’ हा शब्दच चालत नाही. बचत गटाने संच हप्त्याने दिला तर गोष्ट वेगळी. आणि आईच्या जुन्या साडीची किंमत शून्य असते, हे कोणत्याच तक्त्यात नसते.

डायपरचा हिशेब अधिक बोलका आहे, कारण तिथे पाणी मोजावे लागते. तान्ह्या मुलाचे दिवसाला पंधरावीस लंगोट होतात. हाताने धुवायचे, एकदा खंगाळून, एकदा साबणाने, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून, तर काटकसरीनेही 40 लिटर पाणी लागेल असे धरू. शहरात नळजोडणी आणि मलनिःसारण असेल तर माणशी रोज 135 लिटर, आणि सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्यांना माणशी 40 लिटर, अशी आपल्याकडच्या नियोजनाची जुनी मापे आहेत. दुसऱ्या मापाने पाचजणांच्या घराला मिळते 200 लिटर. त्यातला पाचवा हिस्सा एका बाळाच्या लंगोटांना गेला. हे पाणी ठरावीक वेळी येते, भरून ठेवावे लागते, आणि ते भरणारे आणि लंगोट धुणारे हात बहुधा एकाच बाईचे असतात. तीच बाई सकाळी चार घरची धुणीभांडी करायला मीरा रोडला जाते. तिने रात्रीसाठी आणि बाहेर जाताना दोन डायपर विकत घेतले तर तिला निसर्गाची शत्रू म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 साली दोन्ही प्रकारांचा जन्मापासून विल्हेवाटीपर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा कापडी आणि टाकाऊ डायपरच्या हवामानावरच्या परिणामात फारसा फरक निघाला नाही. फरक पडत होता तो धुण्यावाळवण्याच्या रीतीने. यंत्रात गरम हवेने वाळवले तर कापडी डायपर वाईट ठरे. दोरीवर वाळवून दुसऱ्या मुलालाही तेच वापरले तर पुष्कळ सरस. आपल्याकडे दोरी आहे आणि धाकट्याला थोरल्याचे वापरण्याची रीतही आहे. कमी आहे ते पाणी, आणि धुणाऱ्या बाईला वेळ.

टाकाऊ वस्तूंची बाजू मात्र इथे संपत नाही. दिवसाला दोनच डायपर धरले आणि वापरलेल्याचे वजन दीडशे ग्रॅम धरले, तरी एका मुलामागे वर्षाला सुमारे 110 किलो कचरा होतो. मीरा-भाईंदरचा कचरा जातो शहराच्या दुसऱ्या टोकाला, उत्तनच्या धावगी डोंगरावर. तिथे कचऱ्याला वारंवार लागणाऱ्या आगी, धूर आणि गावकऱ्यांचा विरोध याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. काशीमीऱ्यातले डायपर उत्तनच्या कोळ्यांच्या डोक्यावर टाकणे हा काही विल्हेवाटीचा मार्ग नव्हे. पुण्याच्या कचरावेचक महिलांनी 2013 साली वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवून दिल्या होत्या. 2016 सालच्या घनकचरा नियमांनी प्रत्येक पॅडसोबत गुंडाळायला वेष्टन देण्याचे बंधन उत्पादकांवर घातले त्यामागे अशा स्त्रियांची झुंज होती.

एक रुपयाच्या पॅडवर ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ असा शब्द छापलेला असतो, त्याबद्दलही दोन शब्द. अशा प्लास्टिकमध्ये धातूंचे क्षार मिसळतात. त्यामुळे ऊन आणि ऑक्सिजन मिळाल्यावर त्याचे तुकडे लवकर पडतात. तुकडे पडणे आणि कुजणे यांत फरक आहे. खडू कुटला तर भुकटी होते, खडू नाहीसा होत नाही. सूक्ष्मप्लास्टिकच्या भीतीने युरोपीय संघाने 2019 सालच्या निर्देशाने असे प्लास्टिक बाजारात आणायलाच बंदी घातली आणि ती 2021पासून अमलात आली. पॅड एक रुपयाला मिळाले हे चांगले झाले. त्यावरचा शब्द मात्र सातवीच्या मुलालाही पटू नये असा आहे.

मग कप? पाळीचा कप धुवायला थोडे पाणी लागते, वाळवायला दोरी लागत नाही आणि तो अनेक वर्षे टिकतो. 2019 साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये 43 अभ्यासांचा आढावा आला आणि त्यात कप सुरक्षित ठरला. केरळात आलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत त्याच वर्षी पाच हजार कप वाटले गेले. आमच्या प्रश्नाचे हेच सर्वांत सरळ उत्तर आहे. पण तो आत बसवावा लागतो, उकळायला वेगळे भांडे लागते, आणि आपल्याकडे कौमार्याच्या कल्पना आड येतात. मोठ्या स्त्रियांनी जरूर विचार करावा. शाळेत मुलींना तो सरसकट वाटण्याची घाई आम्ही करणार नाही.

हे सारे शिक्षकांच्या मासिकात लिहिण्याचे कारण दूरचे नाही. जुलै 2025मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूरच्या एका शाळेत, स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून कोणाला पाळी आली आहे ते शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. मुख्याध्यापिकेला अटक झाली. अशा ठिकाणी फुकट पॅडचे कपाट ठेवून काय होणार? जिथे डाग हा गुन्हा ठरतो तिथे कापड उघड्यावर वाळणार नाही, आणि उघड्यावर न वाळणारे कापड, मग ते कितीही पर्यावरणस्नेही असो, मुलीला खाज आणि पांढरे पाणी यांचीच भेट देईल. म्हणून पाळीचा पाठ फक्त मुलींना वेगळ्या वर्गात बसवून शिकवू नये. दोरीवरचे फडके मुलग्यांनाही फडकेच वाटले पाहिजे.

संच घेऊन कोणी शाळेत आले तर मुख्याध्यापकांनी एकच गोष्ट करावी : दोन नग आधी मागून घ्यावेत आणि आठवीच्या वर्गाला द्यावेत. एक पॅड, एक कापडी डायपरची पट्टी, आणि तुलनेला जुन्या साडीचा तेवढ्याच वजनाचा तुकडा. तिन्ही कोरडे असताना प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलावेत. मग भिजवून, एकाच मुलाने पिळून, पुन्हा तोलावेत. साडी उलगडून आणि बाकीचे दोन जसे आहेत तसे, वर्गातल्या दोरीवर टांगावेत. दर तासाला, तास बदलण्याच्या घंटेला, वजन घ्यावे आणि आलेख काढावा. वजन कोरड्या वजनाशी येऊन थांबले की ते वाळले. हाताला कोरडे लागते तो क्षण वेगळा टिपावा, दोहोंत किती तासांचे अंतर पडते ते पाहण्याजोगे आहे. हाच प्रयोग एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैमध्ये करावा, आणि जुलैमध्ये एक तुकडा मुद्दाम बंद कपाटात टांगावा. दुसऱ्या दिवशी कपाट उघडून वास घेतला तरी पुष्कळ शिकवून होते.

काशीमीरा, भाईंदर, वसई या भागांतल्या शाळांच्या नोंदी आम्हाला विशेष हव्या आहेत, कारण खाडीकाठच्या दमट हवेत हे आकडे पुण्या-नाशिकपेक्षा बरेच निराळे येतील असा आमचा अंदाज आहे. नोंदी पाठवताना खिडकीची दिशा, वर्गात पंखा चालू होता की नाही, आणि त्या दिवशी पाऊस होता का, एवढे लिहायला विसरू नये.